शिडं शिवणारी पोर

पोस्टमनची सायकल अंगणाबाहेर पडली नव्हती, तोवर यादोरावानं विळ्यानं पार्सलची सुतळी कापलीसुद्धा.

"आबाजी, सबूर! आतलं पुस्तक कापाल," टीना ओरडली.

"साठ वर्सं सबूर केली. आता कायले करू?"

पुठ्ठा, प्लास्टिक, रद्दीचा कागद असं एकेक ओसरीवर पडत गेलं आणि शेवटी पिवळ्या पानांचं एक पुस्तक हातात आलं. यादोरावानं ते आधी नाकाशी नेलं. मग मांडीवर ठेवून त्यावरून तळहात फिरवला, नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या पाठीवरून फिरवतात तसा.

टीना त्याची नात. गोंदियाला कॉलेजात शिकायची, दिवाळीच्या सुट्टीत गावी आली होती. पुस्तकाचं नाव आजोबाला माहीत नव्हतं. जहाजाचं नाव 'कालिंदी' आणि जहाजाचा म्होरक्या, तांडेल, एका कानाचा, एवढ्यावर तिनं मोबाइलवरून पुण्याच्या एका जुन्या पुस्तकवाल्याला शोधून काढलं होतं.

"वाच," यादोराव म्हणाला. मोतीबिंदू काढल्यापासून बारीक अक्षर त्याला दिसायचं नाही. "अन् ती पोर आली का थांबजो."

"कोनती पोर?"

"येते ना. वाच तू."

हे पुस्तक पहिल्यांदा या गावात आलं ते चंद्रकांताच्या हातून. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. तिच्या ओसरीवर आळीतली पोरं बिड्यांना धागा बांधायला बसत. गुरुजींनी दिलेलं पुस्तक ती मोठ्यानं वाची, आणि त्या बदल्यात प्रत्येक जण पाच बांधलेल्या बिड्या तिच्या सुपात टाकी. यादोराव त्या पोरांत नसायचा. दुसरीतून शाळा सुटली होती आणि तो तलावावर म्हशी राखायचा. मग दुसऱ्या दिवशी चंद्रकांता धुणं घेऊन तलावावर येई आणि आदल्या दिवशीचं सगळं त्याला पुन्हा वाचून दाखवी, ओळीखाली बोट फिरवत. तिला द्यायला त्याच्याकडे बिड्या नसत. तो पाण्यात शिरून शिंगाडे काढून आणी.

पुस्तक अर्ध्यावर आलं आणि गुरुजींची बदली झाली. त्यांनी पुस्तक परत मागून नेलं. यादोरावासाठी गोष्ट तिथंच थांबली. जहाज एका बेटाला लागलं होतं. शिडं शिवणाऱ्या पोरीला तांडेल म्हणाला, "उतर इथंच." ती म्हणाली, "उतरीन. पन काठावर कोनी उभं तर पायजे."

मग पुढे काय झालं? सात वर्षांनी चंद्रकांताशी लग्न झालं तेव्हाही त्यानं पहिल्याच आठवड्यात हे विचारलं होतं. "वाचाले शीक, अन् सोताच वाच," ती म्हणाली. कोळशानं भिंतीवर अक्षरं काढून तिनंच त्याला शिकवलं. पण पुस्तक काही हाती लागलं नाही. भाताच्या रोवणीच्या चिखलात, बैलबंडीवर, पोरांच्या बारशाला, तो अधूनमधून विचारी आणि ती हसून दुसऱ्या कामाला लागे. या वैशाखात दवाखान्यातही त्यानं विचारलं. ती भिंतीकडे वळली आणि तिचे खांदे हलू लागले. नर्सला वाटलं खोकला आहे, ती पाणी घेऊन आली. चंद्रकांता हसत होती. नऊ दिवसांनी ती गेली.

टीना वाचू लागली. यादोराव एका जागी बसेना.

"आता डोलकाठी मोडते पाह्य!"

पुढच्याच पानावर डोलकाठी मोडली. त्यानं मांडीवर थाप मारली. "म्हनलं होतं ना! आता मिठाचं पोतं पान्यात!"

मिठाचं पोतं पाण्यात पडलं. टीनालाही मजा येऊ लागली. चहा चुलीवर उतू गेला, कोणी उठलं नाही. शेजारची सुलोचनाबाई ताक मागायला आली आणि यादोरावानं तिला बोट ओठांवर ठेवून परत पाठवलं.

साठ पानं झाली.

"नाई आली अजून?"

"नाही आबाजी."

"मागच्या पानावर पाह्य बरं. तू वगळून राह्यली असशीन."

"यार आबाजी, एक ओळ नाही वगळली."

बेट आलं. तांडेल उतरला, पाण्याची पिंपं भरून घेतली आणि जहाज पुढे गेलं. दुपारपर्यंत 'कालिंदी' बंदराला लागली, मिरी विकली गेली, पुस्तक संपलं.

"पोर नाहीच यात," टीना म्हणाली. "पूर्ण पुस्तकात एक बाई नाही. कोंबडीबी नाही."

यादोरावानं पुस्तक ओढून घेतलं. पानं फाटली असतील म्हणून प्रत्येक पानावरचा आकडा डोळे बारीक करून, बोट ठेवून पाहिला. सगळी पानं जागच्या जागी होती.

"दुसरं पुस्तक पाठवलं त्यानं. भलताच मानूस दिसते."

"तांडेल तोच. डोलकाठी तीच. तुम्हीच तर आधी सांगत होते." टीना त्याच्याजवळ सरकली. "काय करे ती पोर?"

"शिडं शिवे. तांडेलाले उलट बोले. त्याले म्हने, तुले एकच कान आहे म्हनून अर्धंच समजते. अन् जहाजावर मोहफुलं वाळू घाले."

"समुद्रात मोहफुलं?"

"काऊन? ऊन राह्यते ना तिथं."

त्याच्या डोक्यातला समुद्र म्हणजे गावचा तलाव. त्या तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, मोहाची झाडं होती. त्यात त्याला साठ वर्षांत काही वेगळं वाटलं नव्हतं.

यादोरावानं चपला घातल्या. "भैय्यालालले विचारतो. तो रोज राहे बिड्या बांधाले ओसरीवर." टीनाही त्याच्यामागोमाग निघाली.

भैय्यालाल उन्हात खाटेवर बसून पायाला तेल लावत होता. पुस्तक पाहून त्याचा चेहरा उजळला.

"अरे बापा! तांडेल! एका कानाचा! किती बिड्या गेल्या गा माझ्या या मानसापायी."

"अन् ती पोर?"

"कोनती पोर?"

"शिडं शिवनारी."

"पोर कुठची? सगळे दाढीवालेच होते जहाजावर."

"नीट याद कर, भैय्यालाल."

"याद काय करू? मी तेव्हा तेरा वर्साचा होतो. जहाजावर एखादी पोर असती, तर मी ईसरलो असतो का?" भैय्यालाल हसला. "चंद्रकांताबाईनं एक-एक अक्षर वाचलं आम्हाले. आम्ही सातजन होतो. टिकारामले विचार पाहिजे तर. पोर नव्हती. तुले कोनं सांगतलं?"

 यादोराव हळूच खाटेच्या कडेवर टेकला. पुस्तक मधेच उघडून त्यानं एका ओळीखाली बोट ठेवलं, चंद्रकांता तलावावर फिरवायची तसं बोट शेवटपर्यंत नेलं, पुन्हा पहिल्यापासून नेलं. आणि एकदम त्याला हसू फुटलं. खाट हलेपर्यंत तो हसला, डोळ्यांतून पाणी आलं तरी हसतच राहिला.

"बुढा पागल झाला वो टीना," भैय्यालाल म्हणाला. "पानी आन."

परत येताना यादोराव घराच्या वाटेला न वळता तलावाच्या पाळीवर चढला. टीनाला त्याच्यामागे जवळजवळ पळावं लागत होतं. शिंगाड्याच्या वेलींनी निम्मं पाणी झाकलं होतं. दूर तिरोड्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसत होत्या.

"आबाजी," टीनानं विचारलं, "मग त्या पोरीचं शेवटी काय झालं?"

यादोरावानं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं.

"उतरली ना," तो म्हणाला.

पुस्तक काखेत धरून तो पाळीवरून खाली गेला आणि पूर्वी म्हशी पाण्यात सोडायचा त्या जागी, काठावर, बराच वेळ उभा राहिला.