फळीच्या पोटात

एक गिऱ्हाईक काखेत लाकडी सर्फबोर्ड मारून दुकानात आलं आणि त्याला खोळ शिवून द्या म्हणालं, तेव्हा मावशींना हसूच आलं. उभा जन्म माणसांचे कपडे शिवण्यात गेला, फळीचं माप पहिल्यांदाच घ्यायचं होतं. टेप लावताना बोटं आपटली, तर आवाज पोकळ आला. आत काय आहे, असं त्यांनी विचारलं. गिऱ्हाइकाला ठाऊक नव्हतं.

खोळ शिवून झाली, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. चौकशी करता करता कळलं की बंदरामागच्या गल्लीत एक सुतार असे बोर्ड ज्याचे त्याने स्वतःच्या हाताने बनवायला शिकवतो. मावशींनी दुकान दहा दिवस बंद ठेवलं. घरी थोरल्या बहिणीने, ताईने, कपाळाला हात लावला. साठीला टेकलीस, गुडघे कुरकुरतात, आता लाटांवर नाचणार का, असं तिचं म्हणणं. नाचायचं मागाहून बघू, आधी आत काय आहे ते बघू दे, असं सांगून मावशी निघाल्या.

आत होता माशाचा सांगाडा. म्हणजे दिसायला अगदी तसाच: मधोमध लाकडी कणा आणि त्याला दोन्ही अंगांनी पातळ फासळ्या. फासळ्यांना भोकं कशाला? वजन कमी व्हावं म्हणून. मग फासळी मोडत नाही का? सुतार मोजकं बोलणारा माणूस, पण मावशींच्या 'का'पुढे त्याची मात्रा चालेना. तिसऱ्या दिवसापासून तो स्वतःच स्टूल ओढून शेजारी बसू लागला.

सांगाड्यावर लाकडी पट्ट्या चढवायची वेळ आली. मधल्या निमूट बसल्या. पण टोकाकडे फळी निमुळती होत वर वळते, तिथली पट्टी काही केल्या ऐकेना. मावशींनी गरम पाण्याचं फडकं लावलं, शिकंजा आवळला, तरी फट राहिलीच. आणखी एक पीळ दिला आणि पट्टी काडकन मोडली. रंधा मारत, लावून बघत, थोडं थोडं जुळवायचं, असं सुताराने दाखवलं. दुसरी पट्टीही वाया गेली.

मावशी घाम पुसत तुकड्यांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मोठा कागद मागितला, फासळ्यांवर अंथरला, टाचण्या लावल्या आणि पेन्सिलीने कडा उतरवून घेतल्या.

"ही पट्टी नाहीच मुळी," त्या म्हणाल्या. "ही कळी आहे. घेरदार झग्याला असते तशी, घेराकडे रुंद आणि टोकाला अरुंद. सरळ कापून वाकवत बसलो तर ती रुसणारच."

सुताराने कागद उचलून उजेडात धरला. "पण मावशी, कापडाला जाडी नसते. लाकडाला असते."

हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. मग दोघं कामाला लागले. कागदाप्रमाणे मावशींनी पट्टी कापली आणि कडेला किती उतार द्यायचा ते सुताराने सांगितलं. पट्टी बसली. फटीत नखसुद्धा शिरेना.

सुतार बराच वेळ त्या सांध्यावरून बोट फिरवत होता. "हा कागद मला ठेवू द्याल?"

"ठेवा. पण दुसऱ्या बाजूची पट्टी मी एकटी बसवणार."

दुसऱ्या बाजूला केसाएवढी फट राहिली. तिच्यात त्यांनी भुसा आणि गोंद भरला.

बोर्ड पाण्यात उतरवला त्या दिवशी ताईही आली, टॉवेल घेऊन आणि तोंड वाकडं करून. मावशींना पोहता येत होतं, पण उभं राहण्याच्या फंदात त्या पडल्या नाहीत. पोटावर आडव्या झाल्या. सुताराने मागून हात लावला, गुडघाभर उंचीची एक लाट आली आणि मावशी सरसर वाळूत येऊन थांबल्या.

लागलं का, म्हणत ताई धावली.

"लाट आधी मागून उचलते गं," मावशी धापा टाकत म्हणाल्या, "आणि मगच ढकलते. असं का होत असेल?"

"मला काय माहीत?" ताई म्हणाली. क्षणभर तिने लाटांकडे पाहिलं. मग टॉवेल सुताराच्या हातात दिला, चपला काढल्या आणि बोर्डाचं एक टोक उचललं. "चल, परत झोप त्याच्यावर. मी जवळून बघते."