परी खात का नाही

मला राग पटकन येतो, हे आमलीतल्या आमच्या चाळीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या आठवड्यातला राग वेगळा होता. माझी परी मरायला लागली होती.

परी म्हणजे एंजल मासा, पांढरी, काळ्या पट्ट्यांची. जन्मात मी स्वतःच्या हौसेनं घेतलेली एकच वस्तू म्हणजे ती काचेची पेटी. त्यात परी, आणि तळाशी काळू नावाचा मिशाळ कॅटफिश. महिनाभरात परीचं पोट खपाटीला गेलं. काळू मात्र भोपळ्यासारखा फुगला.

घरात माणसं तीन. माझा नवरा वाल्मिक धाग्याच्या कंपनीत, दोन महिने सलग नाइटला. मी गलोंड्याला पॅकिंगमध्ये, दिवसपाळीला. दिवसभर घरी असतात त्या त्याच्या आई, कोंडाबाई; मी त्यांना आत्याबाई म्हणते. खोली एकच, मागे ओट्याचा कोपरा. म्हणून मीच नियम घालून दिला होता: वाल्मिक झोपला की खिडकीला जाड पडदा, दिवा बंद, भांड्याचा आवाज नाही. मागच्या वर्षी त्याच्या शेजारच्या मशीनवर डुलकी लागून एकाची दोन बोटं गेली होती. तेव्हापासून त्याच्या झोपेला मी देवासारखं जपते.

माशांना दिवसातून एकदाच खाणं द्या, जास्त झालं तर मरतात, असं दुकानदारानं बजावलं होतं. ते काम आत्याबाईंचं, दुपारी स्वतःपुरतं रांधून जेवायच्या वेळी. संध्याकाळी मी येऊन पेटीचा दिवा लावला की परी काचेशी यायची, तोंड उघडायची, मिटायची. मला वाटायचं, ओळखते मला.

पाणी बदलून झालं, जंताचं औषध देऊन झालं. मग मी आत्याबाईंना विचारलं, तुम्ही खरंच खाणं टाकता का? टाकते म्हणाल्या. आणि तुम्ही जेवता ना वेळेवर, लक्षात राहतं ना, असं विचारलं तर त्यांनी नजर चुकवली. चोराच्या मनात चांदणं, असं माझ्या मनात आलं आणि माझी जीभ सुटली. मुक्या जिवाचा घास तुम्हाला जड झाला, असं मी त्यांना तोंडावर म्हणाले.

त्या भांडल्या नाहीत. पिशवी भरून दाराशी ठेवली. रविवारच्या गाडीनं धुळ्याला जाते म्हणाल्या. वाल्मिक माझ्याशी बोलेनासा झाला.

शनिवारी सकाळी परी एका कुशीवर कलली. कामावर जाता जाता मी दुकानदार स्वप्नीलला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ताई, ती खाताना तुम्ही स्वतः पाहिलीय का?"

पाहिली नव्हती. मी सुपरवायझरकडून हाफ डे मागून घेतला. माशासाठी नव्हे, खरं सांगते, आत्याबाईंना पकडण्यासाठी. त्या उद्या जाणार होत्या आणि मला त्याआधी खरंखोटं करायचं होतं.

दार हळूच लोटलं. आत मिट्ट काळोख. वाल्मिक घोरत होता. आत्याबाई पेटीशी उभ्या होत्या, बोटांनी चाचपून चिमूट सोडत होत्या. मी मोबाइल पदराआड धरून त्याचा अंधूक उजेड पेटीवर टाकला. खाणं भिजून खाली गेलं. परी कोपऱ्यात निजल्यासारखी निश्चल. खाली काळू मिशा फिरवत एकेक कण वेचत होता. त्याला कुठे डोळ्यांची गरज होती.

त्या रोज टाकत होत्या. माझ्याच अंधारात टाकत होत्या. आणि संध्याकाळी काचेशी येऊन परी माझ्याकडे खाणं मागत होती.

मी कोपऱ्यातला पुठ्ठ्याचा खोका फाडून वाल्मिकच्या बाजूनं पेटीला आडोसा केला, पेटीचा दिवा लावला आणि दोन दाणे सोडले. परी हलेना. मग ती तिरपी तिरपी वर आली, एक दाणा तोंडात घेतला, थुंकला, परत घेतला आणि गिळला.

आत्याबाईंना सांगायला वळले. त्या ओट्याशी खाली बसल्या होत्या, रात्रीची भाकर पाण्यात बुडवून खात होत्या. भाजी नाही, वरण नाही. पेटीच्या उजेडात त्यांचा हात दिसला. चोळीची बाही दंडावर लोंबत होती. हा हात मी रोज पाहत होते.

"आत्याबाई, रोज हेच खाता?"

"कुकर लावा का शिट्टी वाजस," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मन्हा पोऱ्या रातभर उभा ऱ्हास. उठी जाई तो."

मला रडू आलं, आणि माझी लाज वाटली. डाळ-तांदूळ धुतले, कुकर चढवला. त्या हातानं नको नको करत राहिल्या.

पहिल्या शिट्टीला वाल्मिक दचकून उठून बसला. काय झालं, म्हणाला.

"काही नाही," मी म्हणाले. "आई जेवायच्या राहिल्यात. दोन महिन्यांपासून."