पुढे कोण?

"मी पुढे!" पैलवान ओरडला.

"नाही, मी!" चिंगीने त्याची पिशवी मागून खेचली.

डोंगराची वाट ही एवढीशी, एका वेळी एकच माणूस जाणार. पण या भावंडांना ते कोण सांगणार? थोरला आठ वर्षांचा, धाकटी पाचाची, आणि सकाळपासून तंटा एकच: पुढे कोण चालणार. जो मागे पडेल तो वाटेतच फतकल मारायचा. मग बापाने समजूत काढून अदलाबदल करायची, की दुसऱ्याने भोकाड पसरलंच म्हणून समजा. आईच्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

आई शाळेची बस चालवायची. आठवडाभर पोरांचा कलकलाट पाठीमागे, आणि सुट्टीला पुढे! कारण इथे ती सगळ्यांच्या मागे होती. कोणाची टोपी पडली, कोणाला शू लागली, बघायला कोणीतरी मागे लागतंच ना! घरीही तेच. जेवायला शेवटची, झोपायला शेवटची.

हे शिखर मात्र तिला गाठायचं होतं. बस्स, एकदाच. पहिल्यांदा आली तेव्हा पैलवान पोटात होता. शेवटच्या चढाखालच्या चपट्या खडकावर ओकाऱ्या काढून परत फिरली. दुसऱ्यांदा पाठीवरच्या चिंगीला ताप भरला. परत फिरली, त्याच खडकावरून. मेल्या खडकाचं तोंडसुद्धा बघायचं नव्हतं तिला.

आणि आज दोन्ही कार्टी नेमकी त्याच खडकावर आडवी! माथा अगदी समोर, पण "मी पहिला पोचणार", "मी पहिली", यात कोणी उठेना.

पलीकडून ढग चढत होते. बापाने घाम पुसला. "जाऊ दे गं. थोड्या वेळात उतरायला लागायला हवं. पुढच्या वर्षी येऊ."

पुढच्या वर्षी! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खाऊ, पाणी, सुके कपडे कोंबलेली सॅक तिने त्याच्या पुढ्यात आदळली.

"सांभाळ यांना. कोणी पहिला नाही नि कोणी पहिली नाही. पहिली मी!"

ती निघाली. मागून दोघं एका सुरात, "आई, थांब ना!" जन्मात पहिल्यांदा एकमत झालं होतं गुलामांचं. सवयीने तिचा पाय अडखळला.

"तू जा," खालून बाप ओरडला. "मी आहे मागे."

तिने वळून पाहिलं नाही.

माथ्यावर दगडांची रास होती. तिने दोन्ही हात टेकले आणि कोणी यायच्या आत पोटभर रडून घेतलं.

मग धापा टाकत पोरं आली. मागून दोन सॅका लादलेला, हातात दोन टोप्या धरलेला बाप.

"तू आम्हाला टाकून आलीस!" चिंगी फुरंगटली.

"आले," आई म्हणाली.

पैलवानाने लगेच विचारलं, "मग उतरताना पुढे कोण?"

"कोणीही जा," आई दगडांना टेकून ऐसपैस बसली. "मी आत्ताच आलेय."