बाप हयात असताना

सापगावच्या भगीरथचे केस वयानं गेले नाहीत, घाईनं गेले. चोविसाव्या वर्षी कपाळ वर सरकायला लागलं आणि एकोणतिसाव्या वर्षी टाळूपर्यंत जाऊन पोचलं. आवळ्याचं तेल झालं, कांद्याचा रस झाला, किन्हवलीच्या वैदूचा लेपही झाला. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. लेपाचा गुण एवढाच आला, की उरलेसुरले केस आठवडाभर उग्र वास मारत राहिले.

तरी तो सगळं हसण्यावारी न्यायचा. सगळे उंबरमाळीला मुलगी बघायला गेले, तोवर. तिथं मुलीच्या आजीनं नवरदेवाचा पाट मांडला तो त्याच्या चुलतभावासाठी, सुनिलसाठी, कारण सुनिलच्या डोक्यावर जंगल होतं. भगीरथला तिनं मोठ्या मानानं खुर्ची दिली, त्याच्या वडिलांच्या शेजारी, आणि विचारलं, "तुमी पोराचं काका ना?" तेवढ्यात पोहे आले. भगीरथनं पोहे शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ले, बशी नीट खाली ठेवली आणि परतीच्या वाटेवर मनाशी पक्कं केलं. मुलगी मिळो न मिळो, आपलं गेलेलं वय आपण परत आणायचं.

मुरबाडला एका दुकानाच्या माडीवर दर रविवारी ठाण्याची डॉक्टरीण यायची. डोक्याच्या मागच्या बाजूचे केस मुळासकट काढायचे आणि पुढच्या उजाड जागेत लावायचे, हे तिचं काम. गुंगी द्यायची नाही, फक्त डोकं बधिर करायचं. भगीरथनं चौकशी केली, तारीख घेतली आणि मगच घरी सांगितलं.

"मागचं उपटून फुडं लावायचं," वडील, सावळाराम, म्हणाले. "म्हंजे आवणीच की रे. भाताची करतो तशी."

"तशीच. पण आधी सगळं डोकं भादरावं लागतं."

सावळारामांच्या हातातला घास ताटात गेला. "बाप जिता हाय तवर पोराच्या डोक्याला वस्तरा लागत नाय. येवढी घाई झाली का रे माझी?"

हे नुसतं रूढीचं बोलणं नव्हतं. सावळाराम बारा वर्षांचे असताना त्यांचे वडील साप चावून गेले. भातसा नदीच्या काठी न्हाव्यानं त्या पोराला बसवून भादरलं, आणि बाप गेला म्हणजे नक्की काय झालं हे त्याला त्या गार वस्तऱ्यानं सांगितलं. पन्नास वर्षं झाली, पण अजून दाढीला बसले की ते डोळे मिटून घेत. भगीरथला हे ठाऊक होतं, म्हणून त्यानं वाद घातला नाही. पण बेतही सोडला नाही. बापाचा हट्ट मुलात उतरलाच होता, केस तेवढे उतरले नव्हते.

"गेलास तं माझ्यासमोर येऊ नको," सावळारामांनी शेवटचं सांगितलं.

रविवारी पहाटे तो बटणांचा शर्ट घालून मुरबाडला निघाला. बनियनसुद्धा डोक्यावरून काढायचं नाही, असं क्लिनिकनं बजावलं होतं. वडील त्याआधीच राब भाजायला, म्हणजे भाताच्या रोपांची जागा पालापाचोळा जाळून तयार करायला, शेतावर गेले होते, तोंड बघायला नको म्हणून. आई, तानी, दारात उभी राहिली आणि तिनं त्याच्या हातावर दही घातलं.

मशीन डोक्यावरून फिरलं. आरशात जो दिसला त्याचा बाप मेलेला होता. त्यानं आरशाकडे पाठ फिरवली आणि म्हणाला, "करा सुरू, मॅडम."

मग सुया. कपाळापासून मानेपर्यंत पंचवीस-तीस तरी टोचल्या असतील. गांधीलमाशीच्या पोळ्यात डोकं घातल्यासारखी आग झाली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि हळूहळू डोकं त्याचं राहिलंच नाही. त्याला बोट लागलेलं कळायचं, दुखायचं मात्र नाही. तो पालथा पडून खालच्या फरशीकडे बघत राहिला. मागं यंत्राची बारीक घरघर, आणि एकेक मूळ ताटलीतल्या थंड पाण्यात जमा होताना सोबतची भूमिका नावाची नर्स आकडा बोलत होती. जागेपणी स्वतःच्या डोक्याची मोजदाद ऐकणं ही काही गमतीची गोष्ट नाही. बाराशेच्या पुढं तो मनातल्या मनात तिच्याबरोबर मोजायला लागला, म्हणजे बापाचा विचार येऊ नये.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली. हो, डोकं उघडं टाकून जेवायची सुट्टी असते. क्लिनिकचा पांढरा झगा घालून तो माडीच्या सज्जात इडली खात बसला. मागची पट्टी रस्त्यावरून दिसत नव्हती. खाली बाजारात गावचा गणू उभा होता. भगीरथनं हात वर केला. गणूनं वर बघितलं, त्याचा चेहरा उतरला, त्यानं दोन्ही हात जोडले आणि तो लगबगीनं निघून गेला. भगीरथला वाटलं, याला उन्हाचं काही दिसलं नसेल.

दुपारनंतर लावणीला सुरुवात झाली. आता तो खुर्चीत रेलून होता आणि मॅडम पुढच्या बाजूनं चिमट्यानं एकेक मूळ रोवत होत्या. निम्मं झालं असेल, तेवढ्यात फोन वाजला. सुनिल होता, आणि तो रडत होता.

"भगीरथ, काका गेलं रे. शहापूरच्या नाक्यावर आत्ता कळलं. मी निघालोय. तू घरी हायस ना?"

फोन कट झाला. भगीरथनं आईला लावला. रिंग वाजत राहिली, कुणी उचललं नाही. वडील फोन बाळगत नसत. भगीरथ शकुन-अपशकुन मानणारा नव्हता, पण त्या घडीला त्यानं मानला. सकाळी आपण वस्तरा लावला आणि दुपारी बाप गेला. आपणच आधी सुतक धरलं आणि मग त्याला मारलं.

तो उठून बसला.

"काय झालं?" मॅडम म्हणाल्या.

"वडील गेले."

त्यांनी चिमटा खाली ठेवला. "वाईट झालं. पण अजून नऊशे मुळं ताटलीत आहेत. ही आज लागली नाहीत तर गेली, आणि मागं पुन्हा काढायला एवढी उरणार नाहीत. दोन तास..."

"जाऊ द्या, मॅडम."

हे त्यानं त्याच ठामपणानं म्हटलं, ज्या ठामपणानं सकाळी सुरू करा म्हटलं होतं. पट्टी बांधायला लावली, शर्टाची बटणं वरखाली लावली आणि भिंतीला धरून जिन्याशी आला. तिथं फोन वाजला. आईचा नंबर होता. बोलला मात्र बाप.

"भग्या, मी मेलो म्हनतात. तुला काय ठावं हाय का?"

भगीरथ मटकन पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. भूमिका धावत आली, त्यानं तिला हातानंच थांबवलं.

"बाबा, तुमी... कुठं होता?"

"राबावर. तुझी आय बी तिथंच, फोन घरात. घरी आलो तं अंगणात वीस मानसं. जिवलीआत्या माझ्याच गळ्यात पडून माझ्याच नावानं रडाया लागली." त्यांनी आवाज खाली आणला. "गनूनं तुला बघितला म्हनं, भादरलेला. रस्त्यातनं ओरडून काय इचारायचं म्हनून गप निघाला. तिथनं शहापूरभर झाली बोंब."

"व्हय. भादरलंय मी."



"झालं का समदं?"

"निम्मं झालं."

"मग रडतोस का? उठून आलास काय?"

"जिन्यात हाय. तुमच्याकडं निघालो होतो."

"ते सोडून?"

"व्हय."

"आवनी अर्धी टाकून कोन घरी येतो रे? जा, बस जाऊन. मी येतो तिकडं."

भगीरथ उठला आणि खुर्चीत जाऊन बसला. डोकं पुन्हा बधिर करावं लागलं, पुन्हा सुया टोचल्या. या वेळी त्याला त्या जास्त लागल्या, पण त्यानं हूं की चूं केलं नाही. शेवटची दोनेकशे मुळं उरली असतील तेव्हा दारात सावळाराम दिसले. गुडघ्यापर्यंत राबाची राख, हातात पिशवी. ते आत आले, पोराच्या डोक्यावरच्या रक्ताच्या बारीक ठिपक्यांच्या ओळी त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितल्या. मग ते बाकावर बसले आणि काम संपेपर्यंत त्यांनी तिथून नजर काढली नाही.

"लई दुखलं?" जिना उतरताना त्यांनी विचारलं.

"सुयांचं. बाकी नाय."

जीपमधून फाट्यावर उतरले तेव्हा घराघरांत दिवे लागत होते. भगीरथच्या डोक्यावर क्लिनिकची सैल टोपी होती. त्यानं बांधाची वाट धरली. बापाला आज गावातून जायला लागू नये, एवढंच त्याच्या मनात होतं.

"तिकडनं कुठं?" सावळाराम म्हणाले. "मधल्या आळीनं चल. आनि ती टोपी हातात घे."

पहिल्याच ओट्यावर गणू आणि जिवलीआत्या बसले होते. गणू उठला, त्याचे हात पुन्हा जोडले गेले. "दादा, माझी चूक झाली."

"तुझी कसली चूक? भादरलेलं पोर बघून मानसाला दुसरं काय वाटंल?"

जिवलीआत्या मात्र भगीरथच्या डोक्याकडे बघत होती. रडून तिचे डोळे सुजले होते आणि आता त्यांत राग होता. "बाप धडधाकट जिता असताना डोकं भादरतो? सावळा, तुला इचारलं तरी का यानं?"

भगीरथनं मान खाली घातली.

"मीच धाडला," सावळाराम म्हणाले. "मीच म्हनलं, जा, भादर."

आत्या काही बोलायच्या आत त्यांनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला पुढच्या ओट्याकडे नेलं. मधल्या आळीत अजून अकरा घरं होती, आणि त्यांतलं एकही त्यांना चुकवायचं नव्हतं.