वाळूतली साक्ष

चैत्रातल्या भर दुपारीही आबांचा हात गार असे. सायखेड्याखाली गोदावरीचे पात्र तेव्हा अर्धे कोरडे पडलेले असायचे; पाणी पलीकडच्या काठाला चिकटून बारीक वाहे आणि अलीकडची वाळू इतकी तापे की तिच्यावरची हवा थरथरताना दिसे. त्या वाळूत आबा गुडघे टेकून बसत, कोपरापर्यंत हात खाली घालत आणि बाहेर काढलेला ओला हात हळूच माझ्या मानेवर ठेवत. माझ्या अंगावर शहारा येई, आणि आबा हसत. त्यांच्या हसण्याला आवाज नव्हता. डोळ्यांच्या कडांना सुरकुत्यांचे जाळे पडे आणि तेवढ्यावर ते संपे.

आबा, म्हणजे माझे वडील, नदीच्या पात्रात टरबुजांची वाडी लावत. दिवाळीनंतर पाणी ओसरले की वाळूत लांब चर खणायचे, ओल लागेपर्यंत खाली जायचे, तिथे शेणखत घालून बी टोकायचे, आणि वाऱ्याने उडालेली वाळू कोवळ्या वेलांवर बसू नये म्हणून पश्चिमेला तुराट्यांचा कूड उभा करायचा. वैशाखापर्यंत फळ निघे. मग पूर येई आणि वाडी, कूड, चर, सारे पुसून नेई. पुढल्या हंगामात आबा पुन्हा कोऱ्या वाळूवर पहिली कुदळ मारत, आणि ती मारताना त्यांचा चेहरा असा असे, की जणू हे काम त्यांना त्याच सकाळी सुचले आहे.

आमच्या ख्रिस्ती वस्तीत वीसेक घरे होती आणि वर खडकावर कौलारू देऊळ होते. चर्चला आम्ही देऊळच म्हणत असू. रविवारी उपदेशाच्या आधी पाळकसाहेब विचारीत, कोणाला साक्ष द्यायची आहे काय. साक्ष म्हणजे आठवड्याभरात देवाने आपल्याला काय दाखवले, ते उभे राहून चार लोकांत सांगणे. बहुतेक जण कोणी दुखण्यातून उठल्याचे सांगत. आबांना अक्षरओळख नव्हती. पण जवळजवळ प्रत्येक रविवारी ते उठत, पागोटे काखेत धरत आणि वाडीतले काहीतरी सांगून बसत. फळ तापल्या वाळूने पोळू नये म्हणून आपण त्याच्याखाली पेंढा घालतो. फळाला तो दिसत नाही. माझ्याखाली प्रभूने काय काय घातले आहे ते मलाही दिसत नाही. एवढेच बोलणे. किंवा, वेलाचा तणावा काडी धरतो, कूड धरतो, काही नाही तर शेजारच्या वेलाला धरतो, पण सुटा राहत नाही, म्हणून मीही आज इथे आलो. त्यांच्या आवाजाला वाळूसारखा कोरडा पोत होता, आणि खाली कुठेतरी ओल लागे. म्हाताऱ्या बायका मान हलवीत. आबा बसत, आणि त्यांच्या कानांच्या पाळ्या लाजेने लाल झालेल्या दिसत. वाडीत ते दिवस दिवस मुके असत. बोलण्याची त्यांची जागा ती एवढीच होती.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. नाशिकला माझ्या खोलीत राहणाऱ्या मुलाने एकदा विचारले, वडील काय करतात. मी म्हणालो, बागाईत आहे. तो शब्द उच्चारताना माझ्या डोळ्यांपुढे विहीर, मोट, हिरवी केळ असे दुसऱ्याच कोणाचे मळे उभे राहिले. खोटे बोललो असे तेव्हा मला वाटले नाही. फक्त पायाला वाळू लागलेली आहे असे वाटत राहिले, आणि ती झटकावी असे.

दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेनंतर मी सर्व्हिस मोटारीने गावी आलो. पाळकसाहेबांना त्या रविवारी नेमके दुसऱ्या गावच्या मंडळीतही उपासना घ्यायची होती. ते म्हणाले, उपासनेची सुरुवात मी करून जातो, उपदेश तू कर. मी तीन दिवस तयारी केली. विषय घेतला तो खडकावर घर बांधणाऱ्या शहाण्याचा आणि वाळूवर घर बांधणाऱ्या मूर्खाचा, येशूने सांगितलेला दाखला. त्या सकाळीही आबा साक्षीला उठले. मी पहिल्या रांगेत मान खाली घालून टिपणातले मुद्दे मनात घोळवत होतो. ते काहीतरी बोलले, मागून कोणा बाईने रडल्यासारखे नाक ओढले, आणि माझी पाळी आली.

मी चांगला बोललो. ते खोटे सांगून आता उपयोग नाही. शेवटी मला वाटले, दाखला लोकांच्या डोळ्यांपुढचा हवा. म्हणून खिडकीतून खाली नदीकडे हात करून मी म्हणालो, की लांब कशाला जायचे, पाहा, दरवर्षी माणूस त्या वाळूत राबतो, दरवर्षी पूर येतो आणि त्याच्या कष्टांचा मागमूस राहत नाही. पाया नसलेले आयुष्य असे असते. सारी मंडळी वळली. नदीकडे नव्हे, आबांकडे. ते मांडी घालून बसले होते. पागोटे मांडीवर होते आणि बोटे त्याच्या घडीवरून पुन्हा पुन्हा फिरत होती.

बाहेर पडताना लूकमामा, आईचा चुलतभाऊ, गावातला गवंडी, खुशीत होता. "काय दाजी, आता खडकातच लावा टरबुजं," तो म्हणाला. "शास्त्रानं गवंड्याचीच बाजू धरलीय." लोक हसले. आबाही हसले, पण डोळ्यांच्या कडांना जाळे पडले नाही.

दुपारी मी त्यांची भाकरी घेऊन खाली गेलो. ते फळांखालचा पेंढा सारखा करत होते. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "दाखला घराचा हाय, बाळा. घर आपलं वर खडकावरच हाय. वाळूत मी ऱ्हायला नाय जात, पेराया जातो." मग एक फळ अलगद वळवून ठेवत, "बाकी बोललास लय चांगलं. आवाज पार दारापतुर पोचला."

त्यांच्या स्वरात टोमणा नव्हता. असता तर मला बरे वाटले असते.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी साक्षीसाठी विचारले आणि सवयीने आबांकडे पाहिले. आबा बसूनच राहिले. "याकोब, आज काही नाही?" साहेबांनी विचारले. "नाय साहेब," आबा म्हणाले, "आता पोरगा शिकलाय. त्योच सांगल." त्या क्षणी उठून एक वाक्य बोलावे एवढेच माझे काम होते. दाखला मला कळला नव्हता, माझ्या वडिलांना कळला होता, इतके साधे वाक्य. ते जिभेवर तयार होते. गीत सुरू झाले आणि मी सगळ्यांपेक्षा मोठ्याने गायलो. त्या सुट्टीत आणखी पाच रविवार आले. आबा पुन्हा कधी उभे राहिले नाहीत.

पुढल्या पौषात तीन दिवसांच्या तापाने ते गेले. चर अर्धे खणलेले होते. मातीच्या दिवशी पाळकसाहेबांनी मला बोलायला सुचवले, आणि मी मान हलवून नाही म्हणालो. लोकांना ते दुःख वाटले.

आठवड्याने लूकमामा आला. त्याने कोणी न सांगता कबरीसाठी काळा दगड घडवला होता. आल्यापासून तो माझ्याकडे नीट पाहत नव्हता. म्हणाला, नावाखाली दाजींची एखादी साक्ष कोरू. मी पेंढ्याची सांगितली. त्याने मान हलवली. "ती नको. शेवटची घे, टिटवीची. तू व्याख्यान दिलंस त्याच्या आधीची. वाळूत टिटवीनं अंडी घातली, तिथनं सुरू केलेलं. बायका रडल्या होत्या बघ. पुढलं माझ्या ध्यानात नाय, माझा निम्मा डोळा लागलेला. तू तर म्होरंच बसलेला." मी वस्तीत घरोघर विचारले. टिटवी सगळ्यांना आठवत होती. पुढचे प्रत्येकाने वेगळे सांगितले, आणि एकही आबांचे वाटले नाही. लूकमामाने नाव कोरले आणि खालचा दगड गुळगुळीत करून मोकळा सोडला. आठवेल तेव्हा लिहून दे, म्हणाला.

या चैत्रात मी पात्रात जाऊन बसलो. आमची वाडी नाही. उघड्या वाळूत, खड्यांच्या रंगाची चार अंडी आहेत. टिटवी ऊन चढले की पाण्यावर जाते, पोटाची पिसे भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. माझ्या शिक्षणातून यावर तीन उपदेश सहज निघतील, आणि तिन्ही माझे असतील. माझे त्या दिवशीचे भाषण मला अजून शब्दन्‌शब्द पाठ आहे. वर्षे लोटली की माणसांचे बोल पुसट होतात असे लोक माझ्या समाधानासाठी म्हणतात. पण गेलेल्या माणसाचे बोलणे विसरलो असे म्हणायलाही ते आधी ऐकलेले असावे लागते.