अरे माठा, अरे दगडा

रोज संध्याकाळी साडेसातला अर्धं गाव एका मुलीसाठी रडायला बसायचं. मुलगी मालिकेतली. गळ्यात गिटार, पायात झिजलेली चप्पल, डोळ्यांत गायिका व्हायचं स्वप्न, आणि समोर एक देखणा तरुण, जो पाचशे भाग उलटले तरी तिला 'आवडतेस' एवढं म्हणत नव्हता. म्हणाला असता तर मालिकाच संपली असती.

खरं सांगायचं तर नायिकेचं काम करणाऱ्या बाईंना सूर आणि सुरी यांतला फरक कळत नव्हता. त्या नुसते ओठ हलवायच्या. गळा असायचा एका नामवंत गायिकेचा, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. आणि चाली करायची एक चोवीस वर्षांची पोर, जिला अख्खा स्टुडिओ डमी म्हणायचा.

डमी, कारण ती डमी शब्द गायची. मालिकेत चाल आधी होते, शब्द मागून येतात. त्यातून या मालिकेचे कविराज वेळेवर शब्द देणं हा कवितेचा अपमान समजत. तोपर्यंत चाल गाऊन ठेवायची तर तोंडात काहीतरी हवंच ना! मग आमची डमी सुचेल ते गायची. 'साबण संपला, बादली गळते' ही ओळ तिने एकदा इतकी आर्त गायली की झाडू मारणाऱ्या मावशींनी पदराने डोळे टिपले. पुढे कविराजांचे शब्द यायचे, मोठ्या बाई येऊन गायच्या आणि डमीचा आवाज पुसला जायचा. दोन वर्षांत बत्तीस गाणी झाली, त्यातलं एकही तिच्या आवाजात उरलं नाही. मालिकेच्या निर्मात्या मॅडम दर वेळी म्हणायच्या, "पुढचं गाणं तुझ्याच आवाजात हं, नक्की!" त्या 'नक्की'वर डमीने दोन वर्षं काढली होती, आणि घरी आईनेही.

त्यात भर म्हणजे, जो माणूस तिचा आवाज पुसायचा त्याच्याच ती प्रेमात पडली होती. माणसाने कुठे पडावं याला काही धरबंध नसतो.

तो ध्वनिमुद्रक. स्टुडिओत त्याचं नाव कान. तीन खोल्या पलीकडे कुणाचा फोन थरथरला तरी याच्या कपाळावर आठी. परवा मंगळवारी त्याच्या कपात मुंगी पडली तेव्हा पाठमोरा असून म्हणाला, "काहीतरी पडलं." पण या माणसाला शब्द म्हणून ऐकू येत नसत. तो फक्त आवाज ऐकायचा. एकदा वायरीतून धूर निघाला आणि डमी "आग, आग" म्हणून ओरडली, तर काचेपलीकडून तो म्हणाला, "माइकच्या इतक्या जवळ नको, आवाज फुटतोय."

दोघांचं एकमेकांशी अहो-जाहो. डमीने दोन वर्षांत त्याला जमेल तेवढं सुचवून पाहिलं होतं. नवा ड्रेस घालून आली तर म्हणाला, "कापड फार सळसळतं." एकदा तर धीर करून म्हणाली, "तुम्ही रविवारी काय करता?" यावर तो म्हणाला, "अजून थोडं बोला, आवाजाची लेव्हल घेतो."

मग बुधवारी तिचं टाळकं सटकलं. नायिका नायकाचा निरोप घेते त्या प्रसंगाचं गाणं होतं. कविराजांची दाढ सुजली होती, शब्द नव्हते. डमी माइकसमोर उभी राहिली, काचेपलीकडच्या त्या शांत चेहऱ्याकडे पाहिलं आणि तोंडाला आलं ते गाऊन मोकळी झाली:

अरे माठा, अरे दगडा, कान असून बहिरा,
दोन वर्षं गातेय इथे, वाजले माझे बारा.
कपात तुझ्या मुंगी पडली, तेही ऐकू येतं,
समोर मी बुडाले तरी तुझं काय जातं?

गाणं संपलं. काच सरकली. कान म्हणाला, "दुसऱ्या ओळीत खुर्ची कुरकुरली. पण डमी म्हणून चालेल."

डमीने घरी जाऊन उशीला चार बुक्क्या घातल्या आणि झोपून टाकलं. शब्द काय, पुसलेच जाणार होते.

पण गुरुवारी चित्रीकरण होतं आणि कविराजांची दाढ अजून जागेवरच होती. तेव्हा सेटवर डमीचंच गाणं लावलं. हे शब्द खरे नाहीत हे नायिकेला सांगायचं राहून गेलं. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने सांगितलं असेल. नायिकाबाईंनी शब्द मन लावून पाठ केले, नायकाच्या डोळ्यांत डोळे घातले आणि टपोरे अश्रू ढाळत 'अरे माठा' म्हणाल्या. दिग्दर्शक अश्रूंकडे बघत होते. बाकीच्यांना वाटलं, हल्लीची गाणी अशीच असतात. नंतर पुढच्या भागांतल्या विरहासाठी नायिकेने केस खांद्यापर्यंत कापूनही घेतले.

शुक्रवारी कविराजांचे शब्द आले. 'हे प्राणसख्या, मी तव चरणरजाची धूळ.' चित्रावर शब्द ठेवून पाहिले, तर ओठ 'माठा' म्हणतायत आणि शब्द 'प्राणसख्या'. पुन्हा चित्रीकरण करावं तर केस गेले. भाग शनिवारी दाखवायचा. मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला आणि डमीचेच शब्द ठेवायचं ठरवलं. पण मोठ्या बाईंनी फोनवर साफ सांगितलं, "मी जन्मात कुणाला माठ म्हटलेलं नाही." त्यांच्या यजमानांचं मत वेगळं असू शकेल, पण त्यांना कोण विचारतंय!

"डमी, तूच गा," मॅडम म्हणाल्या. "खुर्चीचा आवाज आलाय म्हणे, तेवढं नीट करून घे. आणि पडद्यावर खाली शब्द दाखवायचेत, ते कानाला सांग, तो टाइप करेल."

दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं दारात येऊन उभं राहिलं, आणि डमीला दार लावून घ्यावंसं वाटलं. तिचा आवाज घराघरांत जाणार, हे खरं. पण आता तो माणूस शब्द टाइप करणार. म्हणजे शब्द ऐकणार. नाही म्हणावं तर जन्मभर डमी, हो म्हणावं तर अब्रूचं खोबरं. तिने आईला फोन केला. आईने पुढचं ऐकूनच घेतलं नाही. "तुझा आवाज? टीव्हीवर?" म्हणत ती शेजारी सांगायला धावली. झालं, परतीची वाटच बंद.

शनिवारी सकाळी कान संगणकासमोर बसला होता. "सांगा."

"अरे माठा," डमी भिंतीकडे बघत म्हणाली.

"ठ कोणता? टोपलीचा ट की ठशाचा ठ?"

"ठशाचा."

"बहिरामध्ये हि ऱ्हस्व ना?"

"हो."

"वाजले माझे बारा... 'बारा' अक्षरात की आकड्यात?"

"अक्षरात!" डमी किंचाळली.

तो निमूट टाइप करत गेला. कपाच्या ओळीवर त्याची बोटं थांबली.

"मुंगी मंगळवारी पडली होती," तो म्हणाला.

"हो."

"गाणं बुधवारचं."

"हो."

त्याने कानावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले. हेडफोनशिवाय तिने त्याला पहिल्यांदाच पाहिलं. कान अगदी लालबुंद झाले होते. "गाण्यात तुम्ही एकदम एकेरीवर आलात," तो म्हणाला.

"'अहो माठ' चालीत बसत नाही," डमी म्हणाली. मग तिला जे म्हणायचं नव्हतं तेही तोंडातून निघून गेलं. "माझं एक तरी गाणं ठेवलंत का हो तुम्ही?"

मालिकेत असता तर त्याने कपाट उघडून बत्तीसच्या बत्तीस गाणी पुढे मांडली असती. हा म्हणाला, "नाही. सगळी पुसली. जागा नसते."

डमीला फार लागलं ते. डोळे भरून आले आणि त्याचाही तिला राग आला. ती माइककडे गेली, तर मागून तो म्हणाला, "पुसायच्या आधी मी एकदा पूर्ण ऐकतो. तसा नियम नाहीये. मोठ्या बाई तिसऱ्या ओळीच्या आधी श्वास घेतात तो गाण्यासाठी. तुमचा ऐकला की वाटतं, या आता काहीतरी बोलणार आहेत. मग तुम्ही गाता. दोन वर्षं मी विचार करतोय, काय बोलायचं असेल यांना."

"तेच तर बोलत होते," डमी म्हणाली, "तुम्ही लेव्हल घेत होतात."

मग ती गायली. चाल तीच, शब्द तेच, पण माठाला माठ म्हणताना या वेळी तिला रागच येईना. जे आलं ते तिला लपवताही आलं नाही. चारही ओळी एका दमात झाल्या. कान काचेपलीकडे नुसता बसून होता, कुठल्याही बटणाला हात न लावता.

तेवढ्यात मॅडमचा फोन. स्पीकरवर त्यांचा आवाज आनंदाने फुटत होता. कविराजांची दाढ काढली होती आणि दाढेबरोबर अडलेली प्रतिभाही बाहेर पडली होती. त्यांनी ओठांवर बेतून शब्द पाठवले होते: 'अरे पांथा, अरे सखया, जाण असून गहिरा.' याचा अर्थ काय ते विचारून कुणी स्वतःची शोभा करून घेऊ नये, पण ओठांवर बसत होतं. मोठ्या बाई दोन वाजता गायला येत होत्या. "डमीचं पुसून टाक रे," मॅडम म्हणाल्या, "आणि डमी, पुढचं गाणं तुझ्याच आवाजात हं, नक्की!"

डमीला आधी हायसं वाटलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. कुणाला काही कळणार नव्हतं, शेजारपाजारी नाही की नातेवाइकांत नाही. मग ध्यानात आलं. तेहेतिसावं गाणंही गेलं.

कानाचा हात कळफलकावर होता. इतक्या वेळा पुसलं, विचारलं कधीच नव्हतं. आज तो तिच्याकडे बघून हळूच म्हणाला, "तू सांग. पुसू?"

त्या 'तू'ने डमीच्या अंगात काय शिरलं कोण जाणे. ती फोनपाशी गेली. "मॅडम, पुसायचं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हे गाणं माझ्या आवाजात जाणार. मोठ्या बाईंना बोलवा, चहा पाजा, पण त्या गायल्या तर सोमवारपासून चालीही कविराजांच्याच दाढेतून काढा. बत्तीस माझ्या होत्या, तेहेतिसावीही माझी आहे. आणि नावही माझंच जाईल."

मॅडम मनात चाली करू शकणारी दुसरी माणसं मोजत असाव्यात. मोजणी शून्यावरच थांबली असणार. "तू फार शेफारलीस हं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. मॅडमच्या भाषेत याला होकार म्हणतात.

संध्याकाळी साडेसातला स्टुडिओतल्या छोट्या टीव्हीसमोर दोघं बसली. नायिका रडली, नायक दगडासारखा उभा राहिला (त्याला तेवढं उत्तम जमायचं) आणि डमीचा आवाज घराघरांत गेला. शेवटी तिचं नाव आलं, स्वतःच्या ओळीत, वाचता येईल इतका वेळ. डमी खुर्चीत आक्रसून बसली होती आणि हसू काही केल्या थांबत नव्हतं.

लगेच आईचा फोन. आई आधी रडली, मग शेजारच्यांना रडायला दिलं, मग पुन्हा स्वतः आली. नाक ओढून झाल्यावर तिने आवाज खाली आणला. "ते सगळं राहू दे. मला आधी सांग, तो माठ कोण?"

डमीने फोन कानाशी घट्ट दाबला होता. पण शेजारी बसलेल्याला तीन खोल्या पलीकडचं ऐकू यायचं. तो पुढे वाकला आणि म्हणाला, "मी, काकू."

पलीकडे आईने शेजारच्यांना 'शू' करून गप्प केल्याचं ऐकू आलं.

"मग?" आईने जरबेने विचारलं. "आता तरी ऐकू आलं का?"

"आलं," तो म्हणाला. "शब्दांसकट."