सिंकचं पाणी

देऊळघाटच्या त्या घरात सिंक आलं ते सुचिताच्या हट्टाने, आणि तुंबू लागलं ते सासूबाईंच्या हट्टाने. पुष्पाबाईंचा नेम असा, की परातीचं पीठ, तांदळाचं धुवण वाया घालवायचं नाही, ते म्हशीचं. म्हणून सिंकमध्ये साबण न्यायचा नाही, खरकटी भांडी अंगणातल्या मोरीवरच घासायची, आणि सिंकची नळी भिंतीतून काढून थेट गोठ्यातल्या टबात सोडायची. एवढ्या लांब नळीत पीठ बसणार नाही तर काय होणार?

सुचिताने तार घातली, रबरी पंप दाबून पाहिला, उकळतं पाणी ओतलं. सिंक दोन दिवस शहाण्यासारखं वागायचं, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. आणि प्रत्येक वेळी पुष्पाबाई दारात उभ्या राहून म्हणायच्या, “आमच्या मोरीले नाही बाई कधी तार लागली.” घरात येऊन वर्ष होत आलं होतं, पण सासूचा हा आवाज आला की सुचिता अजून हातातली तार पदराआड लपवायची.

त्या दुपारी पुष्पाबाई शेजारी पापड लाटायला गेल्या, तशी सुचिताने तांदळाच्या डब्यामागे लपवलेली, नळी साफ करायची पुडी काढली. दुकानदाराने बजावलं होतं, “ताई, हाताले लागू देऊ नका, चामडी सोलते.” तिने आधी गोठ्यात जाऊन नळीचं तोंड टबातून काढलं आणि नालीत सोडलं. मग पुडी सिंकमध्ये रिकामी केली, वरून गरम पाणी ओतलं. पाणी फसफसलं, नाकाला झोंबलं. ती पदर तोंडाला लावून वाट बघत राहिली.

बऱ्याच वेळाने नळीने एक ढेकर दिला आणि सगळं पाणी सरसर खाली गेलं. सुचिताला इतका आनंद झाला की कोणाला तरी हाक मारून दाखवावंसं वाटलं. तिने खिडकीतून मागे गोठ्याकडे पाहिलं.

नळी टबात होती.

पुष्पाबाई कधीच्या परतल्या होत्या. धुवण नालीत जाईल म्हणून त्यांनी नळी आपल्या हाताने जागेवर ठेवली असणार, दुसरं कोण ठेवणार! आणि टबात सरकीची ढेप, म्हशीचा खुराक, भिजत घातलेली. ती कालवायला त्या कोपरापर्यंत हात घालायच्या. म्हैस गाभण, आठवा महिना लागलेला. सुचिताच्या तोंडचं पाणी पळालं. ती अनवाणी धावत सुटली, उंबऱ्याला ठेचकाळली, तशीच उठली. देवा, म्हशीला वाचव, सासूबाईंना वाचव, मला मेलीला काय व्हायचं ते होऊ दे.

गोठ्यात टब पालथा पडला होता. ढेप जमिनीवर पसरली होती, आणि म्हैस जिभेने नाक चाटत उभी होती.

“पेली का थे?” सुचिता सासूकडे वळून किंचाळली. “आत्याबाई, पेली का?”

“नाही पेली.” पुष्पाबाई खुंट्याजवळ खाली बसल्या होत्या. उजवा हात डाव्या हाताने धरलेला. “हात घातला त् आग झाली. म्हनून म्या टब लाथाडला.” बोटं लालबुंद झाली होती.

सुचिताने त्यांना ओढत ड्रमापाशी नेलं. नळाला पाणी आठवड्याने येणारं, पण ती तांब्यामागून तांब्या हातावर ओतत सुटली. पुष्पाबाई म्हणाल्या, “पुरे व, पानी सरन.” ती थांबली नाही.

“काय टाकलं होतं त्याच्यात?”

“नळी मोकळी करायची पुडी.”

“मले सांगतलं काऊन नाही?”

सुचिताने हातातला तांब्या रिता केला. “मले तुमचं भेव लागते, आत्याबाई.”

हातावरून पाणी वाहत होतं. पुष्पाबाई म्हशीकडे बघत हळूच म्हणाल्या, “मलेही तुह्यं लागते. सिंक आनलं. उद्या म्हनशीन, म्हैस काढा. मंग परवा म्हनशीन, हे बुढी कायले पाह्यजे.”

सुचिताने पुढचा तांब्या भरला.